जुन्या इस्पितळांच्या इमारतींचं काय करावं? निमित्त: पणजीचं जुनं गोमेकॉ आणि मडगावचं हॉस्पिसियो

कांपालकर

मडगावात नवीन जिल्हा इस्पितळ सुरू झालं आणि हॉस्पिसियोतले विभाग तिकडे हलले. तेव्हापासून चार माणसं जमली की जुन्या इमारतीचा विषय निघतोच. कोण म्हणतो पाडा आणि पार्किंग करा, कोण म्हणतो म्युझियम करा, कोण म्हणतो विकून टाका. हॉस्पिसियो १८६७ साली पाद्री मिरांदा यांनी गोरगरिबांसाठी सुरू केलं. दीडशे वर्षं मडगावच्या सासष्टी तालुक्याची अर्धी जनता तिथे जन्मली आणि बरीचशी तिथेच गेली. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ जमिनीचा आहे असं मला वाटत नाही.

गोव्यात याचं मोठं उदाहरण आधीच आहे, ते म्हणजे पणजीचं जुनं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. थोडक्यात इतिहास सांगतो. कांपालला मांडवीच्या काठी मकिनेझ घराण्याचा १७०२ सालचा वाडा आहे. १८४२ मध्ये पणजीत 'एस्कोला मेदिको-सिरूर्जिका' (वैद्यक आणि शस्त्रक्रियेची शाळा) सुरू झाली, ती याच वाड्यात वाढली. आशियात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ मध्ये. रस्त्यालगतची लांबलचक दुमजली इमारत १९२७ ची. मुक्तीनंतर १९६३ मध्ये एस्कोलाचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि १९९३ च्या सुमारास सगळा पसारा पणजीबाहेर बांबोळीला गेला. जागा काही वर्षं पडून होती. २००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, आवारात आयनॉक्स सिनेमागृह उभं राहिलं, वाड्याची आणि जुन्या इमारतीची डागडुजी झाली. आता गोवा मनोरंजन संस्था तिथे आहे, आणि २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी या कला महोत्सवाची प्रदर्शनं भरतात.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. इमारत वाचली ही फार मोठी गोष्ट. पण सार्वजनिक इस्पितळाच्या जागेवर पहिला हक्क सामान्य माणसाच्या रोजच्या वापराचा असला पाहिजे. महोत्सव वर्षातून एकदाच येतो. तुम्हाला काय वाटतं? आपापल्या गावची उदाहरणंही येऊ द्या.

सायली_पणजी

छान धागा! मला जुनं गोमेकॉ 'इस्पितळ' म्हणून आठवतच नाही. माझ्या पिढीसाठी ते इफ्फीचं आवार. गळ्यात ओळखपत्र, हातात चहा, आणि सकाळच्या खेळाच्या रांगेत कुठल्या कुठल्या देशांच्या सिनेमांवर अनोळखी लोकांशी झालेल्या गप्पा. माझ्या मते जागा जिवंत आहे.

दोडामार्गकर

आमच्याकडे अजून "बांबोळीक न्हेलो" म्हटलं की घरातले हबकतात. त्याआधी ती धास्ती पणजीची असायची.

माझ्या लहानपणी आजोबांना पणजीच्या गोमेकॉत दाखल केलं होतं. तेव्हा मांडवीचा पूल कोसळलेला होता. ५ जुलै १९८६ ला तो पडला आणि नवा व्हायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात उत्तर गोव्यातले आणि आमच्या सिंधुदुर्गातले किती पेशंट बेतीच्या फेरीबोटीतून नदी ओलांडून गेले असतील! आजोबा जीपच्या मागच्या सीटवर आडवे होते. सलाइनची बाटली मोठ्या चुलतभावाने वर धरलेली. धक्क्यावर स्कूटरवाल्यांची ही गर्दी. फेरीवरच्या खलाशाने एकदा आत बघितलं आणि काही न विचारता सगळ्या स्कूटर मागे घ्यायला लावून जीप पहिली चढवली. उतरतानाही पहिली.

रात्री नातेवाईक व्हरांड्यात चटई टाकून झोपायचे. सावंतवाडी, पेडणे, काणकोण, कारवार, सगळीकडची माणसं. कोणाच्या डब्यात पेज, कोणाच्या डब्यात भात-आमटी, आणि रात्री ते डबे इकडून तिकडे फिरायचे. आजोबा बरे होऊन घरी आले. त्यानंतर बरीच वर्षं जगले.

त्या व्हरांड्यात आज चित्रं लागतात याचं मला वाईट वाटत नाही. पण तिथे कोण झोपत होतं हे चित्रं बघायला येणाऱ्यांना कळावं असं मनापासून वाटतं.

विटेकरी

@दोडामार्गकर, खलाशाला सलाम.

मूळ प्रश्नाकडे. मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा तांत्रिक लिहितो. जुन्या इस्पितळांच्या इमारती पुन्हा वापरायला इतर इमारतींपेक्षा सोप्या असतात. प्रतिजैविकं येण्याआधी रोग्याला वाचवायचं तर हवा आणि उजेड यांवरच भिस्त होती. म्हणून वॉर्ड लांब आणि अरुंद, छत उंच, खिडक्या समोरासमोर. एकोणिसाव्या शतकात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हाच आग्रह धरला होता. असा हॉल प्रदर्शनाला चालतो, वाचनालयाला चालतो, वर्गाला चालतो. भिंती न पाडता काम भागतं.

सिनेमागृहाचं मात्र उलट. त्याला खिडकी नको, मधे खांब नको, उतरती जमीन हवी. म्हणूनच आयनॉक्सला स्वतंत्र इमारत बांधावी लागली आणि जुनी इमारत शाबूत राहिली. नवा वापर जुन्या भिंतींत कोंबला नाही, ही त्या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

दुसरं, गोव्यातलं जुनं बांधकाम म्हणजे जांभा आणि चुना. जांभा सच्छिद्र असतो. पावसात ओल शोषतो आणि पुढे उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच अडकते, मग पापुद्रे सुटतात, क्षार फुलतात, आणि लोक म्हणतात "बघा, जुनी इमारत सडली." ती सडवलेली असते. हॉस्पिसियोचं काहीही करा, पण पहिल्या पावसाआधी छप्पर बघा आणि सिमेंटची पोती लांब ठेवा.

आंबोलीचा_पाऊस

+१. कौलं दरवर्षी परतली नाहीत तर तिसऱ्या पावसात वासे जातात. आमच्या घराचं हेच झालं.

ग्रँटरोडकर

एक शंका. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस गोव्याचे होते. ते या एस्कोलाचेच विद्यार्थी का?

निवृत्त_डॉक्टर

@ग्रँटरोडकर, नाही. व्हिएगस मूळ हडफड्याचे, पण डॉक्टर झाले मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

एस्कोलाची नावं वेगळी. फ्रान्सिस्क लुईस गोम्स हे इथलेच डॉक्टर. पुढे पोर्तुगालच्या संसदेत गेले आणि १८६६ मध्ये त्यांची 'उस ब्रामानिश' ही कादंबरी आली. आणि फ्रोइलानो द मेलो! जीवाणुशास्त्रज्ञ, एस्कोलाचे संचालक. मकासानचं कुष्ठरुग्णालय त्यांच्या प्रयत्नांतून १९३४ मध्ये उभं राहिलं. पुढे ते पणजीचे नगराध्यक्ष झाले आणि त्यानंतर संसदेतही गेले. पणजीत सावलीचे रस्ते दिसतात ना, त्या वृक्षलागवडीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे.

पण माझ्या दृष्टीने एस्कोलाची खरी गोष्ट ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत त्यांची आहे. इथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला, गिनी, तिमोरपर्यंत पाठवले गेले. पोर्तुगीज साम्राज्याची आरोग्यसेवा बऱ्याच अंशी त्यांच्या खांद्यावर होती. आणि याच माणसांना खुद्द पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची तर तिथे जाऊन पुन्हा शिकावं लागे, परीक्षा द्याव्या लागत. आफ्रिकेतल्या तापात पाठवायला चालणारी पदवी लिस्बनमध्ये चालत नव्हती. हा अन्याय आणि ही कर्तबगारी, दोन्ही त्या भिंतींत आहे. तिथे कायमस्वरूपी दालन करायचं तर विषय शोधायला लांब जायला नको.

मी सत्तरच्या दशकात तिथे शिकलो. शरीरशास्त्राचा तास संपवून खिडकीशी उभं राहिलं की समोर नदी. फॉर्मॅलिनचा वास नाकातून जाण्यासाठी आम्ही सगळे त्या खिडकीशी गर्दी करायचो.

सायली_पणजी

काका, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहा ना. स्वतंत्र लेख होईल. आफ्रिकेत गेलेल्या डॉक्टरांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

कांपालकर

सायलीला अनुमोदन. डॉक्टर, मनावर घ्याच.

आणखी मागे जायचं तर जुन्या गोव्यातलं राजेशाही इस्पितळ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या काळात सुरू झालं, पुढे जेझुइट पाद्र्यांनी चालवलं. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ च्या सुमारास तिथे रुग्ण म्हणून होता. त्याने तिथल्या स्वच्छतेची, पलंगांची, चांदीच्या भांड्यांतून वाढल्या जाणाऱ्या जेवणाची तोंड भरून स्तुती केली आहे. जुनं गोवं ओस पडत गेलं तसं इस्पितळ आधी पणेलीला आणि शेवटी पणजीला आलं. म्हणजे इस्पितळाने जागा बदलणं आपल्याकडे नवीन नाही. मागे उरलेल्या वास्तूची काळजी घेणं नवीन आहे.

पुणेरी_पाटी

चांदीच्या ताटात जेवण म्हणजे रुग्ण बरा झाला तरी घरी जायला तयार होत नसेल :)

माझं मत मात्र वेगळं आहे. इस्पितळ हे इस्पितळच राहावं. आमच्या ससूनची जुनी दगडी इमारत १८६७ ची आहे, म्हणजे हॉस्पिसियोच्याच वर्षाची, आणि ससून आजही रुग्णालयच आहे. त्याच आवारात नव्या इमारती वाढत गेल्या. मुंबईचं केईएम १९२६ पासून जागेवर आहे. शहराच्या मध्यात बसने, पायी पोहोचता येणारी जागा पुन्हा मिळत नाही. इस्पितळ शहराबाहेर नेलं की गरीब माणसाचं रिक्षाभाडं वाढतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत उभं राहतं ते मात्र पैसेवाल्यांच्या करमणुकीचं. २०२० मध्ये खाटा कमी पडत होत्या तेव्हा अशा जागा केवढ्या कामी आल्या असत्या!

निवृत्त_डॉक्टर

@पुणेरी_पाटी, तुमची कळकळ पटते, पण एक गोष्ट लक्षात घ्या. इस्पितळ खाटांवर चालत नाही. मध्यवर्ती ऑक्सिजन, वीज, सांडपाणी, शस्त्रक्रियागृहाची हवा, एमआरआयचं वजन पेलणारी जमीन, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग, हे सगळं १९२७ च्या इमारतीत बसवायचं तर ती इतकी फोडावी लागते की शेवटी दर्शनी भिंत उरते. पणजीत वाढायला जागाच नव्हती. एका बाजूला रस्ता आणि नदी, उरलेल्या बाजूंनी शहर. बांबोळीला डोंगरावर मोकळी जमीन होती आणि हमरस्ता होता, म्हणून अपघातग्रस्तांना तिथे लवकर पोहोचवता येतं. बांबोळीचा निर्णय बरोबरच होता.

पण बाह्यरुग्ण विभाग शहरात ठेवायला काय हरकत होती, हा तुमचा मुद्दा असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. रक्तदाब, मधुमेह, लसीकरण, डोळे तपासणं, फिजिओथेरपी यांना जुनी इमारत पुरते. म्हापशात आझिलोचं इस्पितळ पेडे इथे हललं, तरी जुन्या जागेत शहरी आरोग्य केंद्राची सोय झाली. म्हाताऱ्या माणसांना ते किती सोयीचं पडतं हे रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

दोडामार्गकर

रिक्षाभाड्याचा मुद्दा अगदी खरा. आणि आमच्यासारख्या सीमेवरच्यांना त्यात आणखी एक पदर आहे. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं होतं.

पेडणेकर_बाय

हो, पण गोव्याच्या करदात्यांनी किती जणांचा भार घ्यायचा? बांबोळीत खाटेसाठी आमचीच माणसं ताटकळतात.

दोडामार्गकर

ताई, भांडण तुमच्याशी नाहीच. आमच्या जिल्ह्यात चांगली सोय असती तर तेरेखोल ओलांडून कोण आलं असतं? मागणी आमच्या सरकारकडे आहे.

संपादक_मंडळ

शुल्काच्या विषयावर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिकडे न्यावी ही विनंती. इथे इमारतींबद्दल बोलूया.

बार्सिलोनाकर

वाचनमात्र होतो, पण इथे लिहिल्याशिवाय राहवेना. मी राहतो त्या शहरात या प्रश्नाची दोन उत्तरं बघायला मिळतात.

पहिलं सान्त पाऊ. दोमेनेक इ मुंतानेर या वास्तुकाराचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं रुग्णालय. बागेत सुट्या सुट्या इमारती, आणि त्यांना जोडणारे जमिनीखालचे बोगदे, म्हणजे रुग्णाला पाऊस लागू नये. १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, २००९ मध्ये रुग्णालय त्याच आवाराच्या कडेला नव्या इमारतीत गेलं आणि २०१४ मध्ये जुना भाग लोकांना बघायला खुला झाला. अतिशय सुंदर आहे. तिकीट मात्र चांगलंच महाग, त्यामुळे आसपासचे रहिवासी रोज तिथे जातील असं नाही.

दुसरं मला जास्त आवडतं. जुन्या शहरातलं सान्ता क्रेउ हे १४०१ साली सुरू झालेलं रुग्णालय. प्रसिद्ध वास्तुकार गाउदी ट्रामखाली सापडला तेव्हा गरीब समजून त्याला इथेच आणलं, आणि १९२६ मध्ये तो इथेच वारला. आज त्या मध्ययुगीन वॉर्डात कातालोनियाचं ग्रंथालय आहे. दगडी कमानींखाली लांब टेबलं, दिवे, आणि अभ्यास करणारी माणसं. मधल्या चौकात संत्र्याची झाडं आहेत. तिथे कुणीही बसतं, शाळेची पोरं, पेन्शनर, बेघर माणसंही. चौकात यायला तिकीट नाही की ओळखपत्र नाही.

मडगावकरांनी सान्ता क्रेउकडे बघावं.

सायली_पणजी

मस्त! ग्रंथालयाची कल्पना फार आवडली.

विटेकरी

मलाही. फक्त एक धोक्याची सूचना. पुस्तकांच्या रॅकचं वजन भयंकर असतं. लाकडी तक्तपोशीच्या वरच्या मजल्यावर रॅक लावू नका. पुस्तकं तळमजल्यावर, वाचनकक्ष वर.

आपल्याकडचंच जवळचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून मी देतो. रायबंदरला सान्त काझा द मिझेरिकोर्दिया या पोर्तुगीज धर्मादाय संस्थेचं जुनं इस्पितळ होतं. १९९३ मध्ये त्या वास्तूत गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू झालं. पुढे संस्थेने सत्तरीत पर्ये इथे मोठा परिसर उभारला. म्हणजे पणजीचं इस्पितळ रिकामं होत होतं त्याच सुमारास शेजारच्या गावात जुन्या इस्पितळात वर्ग भरू लागले होते. वास्तूत वर्षभर माणसांची ये-जा असली की छताची गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते. कुलूप लावलेल्या इमारतीत ती दोन वर्षांनी कळते.

पुणेरी_पाटी

शिक्षणसंस्था ठीक. पण एकदा का भाडेपट्ट्याने दिलं की मॉल यायला किती वेळ लागतो?

कांपालकर

ही भीती खरी ठरणार होती. इफ्फीनंतर जुन्या गोमेकॉच्या इमारतीत मॉल आणायचा बेत पुढे आला होता. पणजीकरांनी कडाडून विरोध केला. त्याच सुमारास, २००७ मध्ये, त्या रिकाम्या वॉर्डांमध्ये 'अपरान्त' हे गोव्यातल्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. रणजित होस्कोटे यांनी ते सिद्ध केलं होतं. मी तेव्हा गेलो होतो. भिंतींना धड रंग नव्हता, तरी माणसं या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरत होती. ही जागा दुकानांना देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, हे भाषण न करता लोकांना पटलं. म्हणून मी चित्रप्रदर्शनांच्या विरोधात मुळीच नाही. त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

पेडणेकर_बाय

मग तक्रार नेमकी काय आहे तुमची?

कांपालकर

ताई, वर्षभराची. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे जत्रा असते. एप्रिलात एखाद्या आजीला दुपारी बसमधून उतरल्यावर त्या व्हरांड्यात बसता येतं का, शाळेच्या मुलांना तिथे काही बघायला मिळतं का, हा माझा प्रश्न. एक मोफत वाचनकक्ष, एस्कोलाच्या इतिहासाचं एक दालन, बसायला बाक आणि स्वच्छ स्वच्छतागृहं. इफ्फी आणि सेरेंडिपिटी यांच्या आड यातलं काहीच येत नाही.

माटुंगाकर

वैद्यकीय दालनासाठी वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय बघा. १८९० मध्ये सुरू झालं आणि तिथे कुष्ठरोगाचं संग्रहालय आहे. जुनी उपकरणं, कागदपत्रं. लहान आहे, पण रुग्णांना कसं वागवलं जायचं हे बघताना गलबलून येतं. मोठ्या खर्चाची गरज नसते, जपणारी माणसं लागतात.

निवृत्त_डॉक्टर

@माटुंगाकर, अगदी बरोबर. आणि संग्रहालयासाठी वस्तू आधी वाचायला हव्यात. कुठलंही इस्पितळ हलतं तेव्हा यंत्रं, खाटा, औषधं नीट मोजून जातात. जुन्या नोंदवह्या, शस्त्रक्रियांची रजिस्टरं, पितळी निर्जंतुक पेट्या, काचेच्या सिरिंजा, पोर्तुगीज पाट्या यांना वाली नसतो. निकामी सामान म्हणून त्या एका खोलीत कोंबतात आणि पुढे भंगारात जातात. एका जुन्या इस्पितळाच्या मागच्या खोलीत मी स्वतः बाळंतपणाच्या नोंदवह्यांचा ढीग वाळवीने पोखरलेला बघितला आहे. पानं उचलायला गेलो तर हातात भुसा आला. गावच्या गावं जन्मली होती त्या वह्यांत.

दोडामार्गकर

डॉक्टर, हे वाचून वाईट वाटलं.

विटेकरी

मग हॉस्पिसियोबद्दल माझी सूचना अशी. पुढे काय करायचं यावर दहा वर्षं वाद चालू द्या, पण तीन कामांना वादाची गरज नाही. छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करून पाणी थांबवणं. सगळ्या इमारतीची मोजमापं घेऊन नकाशे आणि फोटो करून ठेवणं. आणि डॉक्टर म्हणतात त्या वस्तू आणि वह्या पुराभिलेख खात्याच्या ताब्यात देणं. यात कोणाचंही राजकारण आड येत नाही. नकाशे काढायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आनंदाने येतात, मी आधी अशी कामं त्यांच्याबरोबर केली आहेत.

कांपालकर

@विटेकरी, हे कामाचं बोललात. मी यावरून निवेदनाचा मसुदा करतो. तीन तातडीची कामं वर, आणि खाली मागणी अशी: तळमजल्यावर बाह्यरुग्ण तपासणी आणि मोफत वाचनालय, एक दालन हॉस्पिसियोच्या इतिहासाचं, आणि जागा कुणालाही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने न देणं. मसुदा इथेच टाकतो. मडगावच्या सभासदांनी दुरुस्त्या सुचवाव्यात.

पेडणेकर_बाय

बाह्यरुग्ण तपासणीत दात आणि डोळे नक्की घाला. आणि रांगेत बसायला बाक लिहा, ते नेहमी राहून जातं.

पुणेरी_पाटी

बाह्यरुग्ण विभाग आला म्हणजे माझा अर्धा मुद्दा मान्य झाला. सही माझीही घ्या, पुण्याची चालत असेल तर.

दोडामार्गकर

दोडामार्गची पण.

निवृत्त_डॉक्टर

वह्यांच्या बाबतीत एक भर घाला. रुग्णांची नावं आणि आजार खाजगी असतात, त्यामुळे अलीकडच्या काळातल्या वह्या संशोधकांनाही सरसकट उघड्या करू नयेत, फक्त जतन कराव्यात. शंभर वर्षांपलीकडच्या खुल्या करायला हरकत नसावी. बाकी मसुदा आला की बघतो. पोर्तुगीज पाट्या आणि नोंदी वाचायला मदत लागली तर मी आणि माझ्या वर्गातले दोघे-तिघे तयार आहोत. आम्हाला ती लिपी आणि ते शब्द अजून येतात.